अश्रुधारण आणि शोकवेग : ‘साठलेल्या दुःखा’चा विचार

आसेगाव (जि. वाशीम) परिसरातही आता रुग्ण विचारू लागले आहेत, की मनात साठलेले दुःख हातांतील ऊर्जेने बाहेर काढता येते काय? १९२२ मध्ये जपानात मिकाओ उसुई यांनी सुरू केलेल्या रेकीचे नाव त्यांनी कोठेतरी ऐकलेले असते. वैद्याने हा प्रश्न हसून टाळू नये. तक्रार खरी असते. तपासावयाचा असतो तो उपाय.

अशी एक तपासणी अमेरिकेत झाली. स्पर्श न करता दुसऱ्याची ऊर्जा जाणवते, असे म्हणणाऱ्या २१ उपचारकांना एमिली रोझा या शाळकरी मुलीने पडद्याआड हात ठेवावयास सांगितले व तिचा हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे एवढेच विचारले. २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. केवळ अंदाजानेही निम्मी आली असती. हा प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही अशा उपचाराने काहींना बरे वाटते. कोणीतरी अर्धा तास घाई न करता जवळ बसते, याचाच तो गुण असावा, असे आमचे मत आहे.

‘साठलेल्या दुःखा’चा विचार आपल्या शास्त्रात अधिक नेमका आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत बाष्प, म्हणजे अश्रू, येतात. ते अडविल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात. वाग्भटाचार्य त्यांत शिरःशूल, मन्यास्तंभ आणि गुल्म यांची भर घालतात. परंतु त्याच अध्यायात शोक हा धारणीय वेग म्हटला आहे. अश्रू अडवू नयेत, शोक मात्र आवरावा, हे कसे? आम्ही याचा अर्थ असा लावतो : अश्रू हा शरीराचा वेग आहे, त्यास वाट द्यावी, शोकाच्या भरात होणारी कृती आणि तेच तेच चिंतन आवरावे. आपल्याकडे नेमके उलट घडते. घरच्या कर्त्या पुरुषाने रडावयाचे नाही, असा दंडक. आणि शोकाचा वेग मात्र दारूत, भांडणात, क्वचित आत्मघातात मोकळा सुटतो.

अश्रुधारणावर निद्रा, मद्य व प्रियकथा हे उपाय सांगितले आहेत. पैकी मद्य आज आम्ही कोणासही सांगणार नाही. निद्रेसाठी रात्री तिळतेलाने शिरोऽभ्यंग व पादाभ्यंग करवावा. प्रियकथा म्हणजे रुग्णास मनोगत बोलू देणे व त्याच्या आवडीच्या विषयाकडे नेणे. “घरात कोणी गेले का? तेव्हा रडलात का?” एवढे विचारून आपण गप्प बसावे. शोकज अतिसारातही केवळ स्तंभन देऊन भागत नाही; चरकाचार्यांनी तेथे वातघ्न क्रियेबरोबर हर्षण व आश्वासन सांगितले आहे. छातीत दुखत असल्यास मात्र ईसीजी होईपर्यंत ते शोकाचे लक्षण मानू नये.

औषधी विक्रेत्यांनी ब्राह्मी, जटामांसी, सारस्वतारिष्ट अवश्य ठेवावे. पण ‘दुःख खेचून घेणारे’ खडे व यंत्रे ठेवू नयेत. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने निर्बंध आहेत. झोपेच्या औषधासाठी तोच ग्राहक वारंवार येत असेल, तर त्यास वैद्याकडे पाठवावे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ उपक्रमात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते नैराश्यग्रस्तांशी बोलत. उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण त्या काळात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ने प्रसिद्ध केले. जे काम त्यांना साधले, ते आपणही करू शकतो. मात्र जगण्याचा कंटाळा आला, असे रुग्ण म्हणाल्यास जीव देण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार आल्यास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवावे, २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, आणि नातेवाइकांस घरातील फवारणीचे औषध तत्काळ दुसरीकडे हलविण्यास सांगावे.