बिब्बा उतला तर

गुडघा दुखतो म्हणून रात्री बिब्बा लावला आणि सकाळी पायावर टपोरे फोड घेऊन दवाखान्यात आले, असे रुग्ण मी थंडीत नेहमी पाहतो. सोबतची वडीलधारी मंडळी समजावतात, “डॉक्टर, बिब्बा उतलाय. पाण्यावाटे दुखणं बाहेर पडतंय.” दुखणं जिथल्या तिथेच असतं. बिब्ब्याच्या टरफलातल्या काळ्या तेलाने कातडी पोळते, तिच्या थरांत पाणी साचतं, एवढंच. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. म्हणून काजूचं टरफल फोडणाऱ्यांच्या बोटांना आणि आंब्याच्या चिकाने ओठांच्या कडेला असाच त्रास होतो. परीट पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करत, तेव्हा कुणाकुणाच्या मानेवर नेमकी त्या खुणेखालीच पुरळ उठे.

तेल लागलं की लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांच्या आतसुद्धा. त्याच हाताने डोळे चोळलेत तर पापण्या सुजतील. फोडातलं पाणी लागून हे पसरतं, असं लोक मानतात. पसरतं ते बोटांना, कपड्यांना राहिलेलं तेल.

फोडाला सुई लावू नका. वरची पातळ कातडी हीच त्या जखमेची सगळ्यात स्वच्छ पट्टी. फार मोठा, ताणलेला फोड असेल तर आम्ही कडेला छिद्र पाडून पाणी काढतो, पण कातडी ठेवतो. आपला आपण फुटला तर हलक्या हाताने धुऊन व्हॅसलीन लावा आणि पट्टी बांधा. हळद, चुना, राख काही नको. मेडिकलवाल्याने दिलेली ‘खाज-गजकर्णाची’ ट्यूब तर नकोच.

कढईतलं तेल उडून आलेल्या फोडालाही हेच, फक्त आधी 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. टूथपेस्ट दातांना.

अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, आग होणारे फोड आले तर ती नागीण. तिची दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही भीती सोडा; पण गेरू लावत बसू नका. तिच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर उत्तम गुण येतो.

ताप, पू, पसरत जाणारी लाली, तोंडात किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी या. आणि मधुमेह असेल तर पायाला बिब्बा लावूच नका. अशा पायांना वेदना कमी कळते. मोज्याला डाग दिसला तेव्हाच फोड असल्याचं कळलं, असं सांगणारे रुग्ण माझ्याकडे येतात.