स्किझोफ्रेनिया: घरच्यांनाही हवा आधार

जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी त्यांचा संसार वर्षानुवर्षे झुंजला. रुग्णाला डॉक्टर मिळतो, पण घरच्यांना कुणीच नसतं, हे त्या अनुभवातून त्यांना उमगलं आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, उभी राहिली. याच आजारावरच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांचीच तळमळ होती.

‘सा’च्या स्वमदत गटात ‘शुभंकर’, म्हणजे रुग्णाला सांभाळणारे आप्त, एकत्र बसतात. मुलगा आठवडाभर आंघोळ करत नाही, शेजारी विष घालतात म्हणतो, हे तिथे सांगताना आवाज दबका करावा लागत नाही. समोरच्या बाईंनी ते भोगलेलं असतं.

हा निव्वळ मनाचा दिलासा नव्हे. घरात सतत टीका, चिडचिड किंवा अतिकाळजी असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे ब्रिटिश संशोधक जॉर्ज ब्राउन यांच्या कामापासून वारंवार दिसलं आहे. यात दोष कुटुंबाचा नाही. थकलेला माणूस चिडणारच. म्हणूनच त्याचा थकवा उतरवणं हासुद्धा उपचाराचा भाग आहे. औषधांच्या जोडीने कुटुंबाला आजाराची नीट माहिती मिळाली, तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं.

भास होत असताना वाद घालू नये, आणि होकारही भरू नये. ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे,’ एवढं पुरे. झोप उडणं, संशय वाढणं, बोलणं तुटणं ही आजार उलटण्याची पूर्वसूचना समजावी आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. गोळ्या परस्पर बंद करू नयेत, चोरून जेवणात मिसळूही नयेत. एकदा विश्वास गेला की तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

मदतीपर्यंत पोहोचणं मात्र सोपं नसतं. पनवेलकरांचंच उदाहरण घ्या: त्यांना ठाण्याची थेट लोकल आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. पण रुग्णाला एकटं सोडून निघणार कसं? अशा घरांसाठी स्वमदत गटाची ऑनलाइन बैठक मोलाची. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. मात्र व्हॉट्सअ‍ॅप गटावर रुग्णाचे व्हिडिओ टाकू नयेत, आणि दुसऱ्याच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला देऊ नये. अडल्यावेळी टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि नातेवाईकही फोन करू शकतात. रुग्ण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागला, तर त्याला एकटं न ठेवता तडक रुग्णालय गाठावं.

जमेल तेव्हा प्रत्यक्ष बैठकीलाही जावं. चहाच्या वेळी दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी कुठे काय कागद लागतात, हे कुणीतरी हमखास सांगतं. आणि रुग्णाच्या भावाबहिणींना सोबत न्यावं. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा आईवडिलांना जाळणारा प्रश्न घरात कुणी काढत नाही. तिथे तो मोकळेपणाने निघतो, आणि पैशाची, औषधांची, राहण्याची व्यवस्था आईवडील धडधाकट असतानाच ठरवता येते.