पांढरा रंग ऊन कसे वापरतो?

बरीच वर्षे उन्हात राहिलेल्या पांढऱ्या तेलरंगाच्या दारावरून हात फिरवावा, तर तळव्यास खडूसारखी भुकटी लागते. (चुन्याच्या सफेतीची गोष्ट वेगळी, ती पहिल्या दिवसापासूनच अंगास लागते!) ‘उन्हाने रंग खाल्ला’ असे आपण म्हणतो. उन्हाने तेल कुजते हे खरेच. परंतु या कामी रंगातील पांढरी पूडही उन्हाला सामील असते.

ही पूड टायटॅनियम डायऑक्साइडची. तिच्या कणावर योग्य प्रकाश पडला म्हणजे आतील एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून वर उठतो व मागे रिकामी जागा राहते. दोघांची लगेच पुन्हा गाठ पडली तर खटाटोप फुकट, आणि बहुतेक वेळा तसेच होते. पण त्यापूर्वी ती कणाच्या पृष्ठभागी पोचली, तर तेथे चिकटून बसलेल्या रेणूंशी त्यांचा व्यवहार सुरू होतो. हवेतील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन उचलतो; रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते, आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा मोठा झोंबरा तुकडा निघतो. तेल, मेण, जंतू यांना तो कुरतडतो. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड व पाणी. पूड जशीच्या तशी. म्हणूनच रंगाचे कारखानदार तिच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचे पातळ कवच चढवितात.

प्रकाश मात्र सुमारे ४०० नॅनोमीटरहून आखूड लहरींचा, म्हणजे मुख्यतः जंबुपार हवा. तांबडा दिवा कितीही प्रखर लावला तरी इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. कारण तांबड्या प्रकाशाच्या एकेका कणात तेवढी शक्तीच नसते.

जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली याच द्रव्याचा स्फटिक प्लॅटिनमला तारेने जोडून, पाण्यात ठेवून, त्यावर प्रकाश टाकल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्फटिकापाशी ऑक्सिजन आणि प्लॅटिनमपाशी हायड्रोजन निघाला. पाण्यातून इंधन! पण सूर्यप्रकाशात जंबुपार भाग अवघा ५ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा मिळकत बेताचीच.

हीच अडचण ‘हवा शुद्ध करणाऱ्या’ रंगांची. असा रंग घेताना तो नुसत्या घरातील दिव्यावर चालतो काय, हे दुकानदारास अवश्य विचारावे. पुडीत नायट्रोजन मिसळून तिला दिसणाऱ्या प्रकाशावर कामास लावण्याचा एक यत्न २००१ साली प्रसिद्ध झाला. त्या दिशेने खटपट अद्याप चालू आहे.