हिरकणीचा बुरूज आणि कारखान्याचे फाटक

(द्वितीय वर्ष, कला)

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला मिटलेले दरवाजे, खाली घरी भुकेने रडणारे तान्हे बाळ आणि अंधारात तो भयंकर कडा उतरून गेलेली आई! महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला व त्या कड्यावर बुरूज बांधला, असे सांगतात. शाळेत ही गोष्ट मी मातृप्रेमाची म्हणून ऐकली होती. गेल्या वर्षी आमच्या घरी बाळ आले, आणि तेव्हापासून ती मला कामावर अडकून पडलेल्या आईची गोष्ट वाटू लागली आहे.

स्तनपान हा विषय एका मुलाने लेखासाठी निवडावा याचे काही मित्रांना हसू आले. मलाही आरंभी संकोच वाटला. परंतु आमच्या देहूरोडच्या दोन खोल्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. दवाखान्यातला कागद आला की तो वाचायचे काम माझ्याकडे येते. वहिनीच्या बाळंतपणात ते कागद वाचता वाचता जे कळले, जे डोळ्यांनी पाहिले, तेच येथे मांडतो आहे.

पहिले दूध : चीक

वहिनीला सरकारी दवाखान्यात मुलगा झाला. आजीने जाताना मधाची बाटली नेली होती. तिचे म्हणणे असे की पहिले पिवळे दूध जड असते, ते पिळून टाकावे आणि तीन दिवस बाळाला मध चाटवावा. परिचारिकेने बाटली पिशवीत परत ठेवायला लावली आणि पहिल्या तासाभरातच बाळाला छातीशी लावले.

शास्त्र परिचारिकेच्या बाजूचे आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांचे हे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो थोडाच येतो, पण नवजात बाळाचे पोटही इवलेसे असते. रोगांशी झुंजणारी द्रव्ये या चिकात भरपूर असतात, म्हणून त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. उलट मधातून एक घातक जंतू बाळाच्या पोटात जाण्याचा धोका असल्यामुळे वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये. गंमत अशी की गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, शेजारी वाटतो. आणि माणसाच्या बाळाच्या हक्काचा चीक मात्र कित्येक घरांत सांडून टाकतो!

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, अगदी पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधात बहुतांश भाग पाण्याचाच असतो, त्यामुळे उन्हाळ्यातही बाळाची तहान त्यानेच भागते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे व दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे.

दूध ‘आटते’ कसे?

‘हिला दूधच पुरत नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. दूध ही विहिरीसारखी गोष्ट आहे : उपसा असेल तर झरा वाहता राहतो. बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो व दूध तयार करणारे संप्रेरक सुटते. रात्री ते अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. दूध बाहेर ढकलणारे संप्रेरक दुसरेच. वेदना, भीती, चिंता यांनी ते अडते. म्हणजे ‘दूध पुरत नाही’ असे बाळंतिणीला वारंवार ऐकवणे हेसुद्धा दूध अडवण्याचे एक कारण ठरू शकते. बाळ दिवसातून सहा वेळा किंवा अधिक लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

बाळंतीण

बाळाभोवती सारे घर जमते, परंतु बाळंतिणीकडे पाहायला कोणाला सवड नसते. आमच्या आजीचे काही नियम उत्तम होते. सव्वा महिना विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, अंगाला तेल. यांत पोषण आहे आणि मायाही आहे. पण काही नियम सोडून देण्याजोगे. पाणी कमी प्यायचे, हा त्यांतला एक. पाजणाऱ्या आईला तहान अधिक लागते, तिला पाणी तोडणे चुकीचे. बंद खोलीत शेगडीचा धूर, हा दुसरा. तो आई आणि बाळ दोघांच्या छातीला वाईट.

दहाव्या दिवशी वहिनी कारण नसता रडू लागली. आजीने दृष्ट काढली. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत असे रडू येणे पुष्कळ स्त्रियांच्या वाट्याला येते व विश्रांती आणि आधार मिळाला की ते ओसरते. मात्र दोन आठवडे उलटूनही उदासी गेली नाही, झोप-भूक उडाली, बाळ नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या घरी दादाने रात्रीचे लंगोट बदलणे आपल्याकडे घेतले. चार दिवसांत वहिनी सावरली. दृष्टीने की झोपेने, हे आजीशी मी वाद घालून ठरवले नाही.

फाटकाच्या आत

वहिनी चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होती. सातव्या महिन्यात तिला ‘ब्रेक’ मिळाला, म्हणजे घरी बसवले. रजा नाही, पगार नाही. दादाचा टेम्पो हप्त्यावरचा. बाळ अडीच महिन्यांचे असताना ती पुन्हा पहिल्या पाळीला जाऊ लागली. पहाटे साडेपाचला बस, परतायला सायंकाळचे पाच. मधल्या वेळात छाती दगडासारखी होई. दूध काढायला जागा नाही, म्हणून ती शौचालयात उभी राहून पिळून टाकी. आठवड्यात एका बाजूला गाठ येऊन ताप भरला. अशा वेळी त्या बाजूचे पाजणे थांबवायचे नसते, उलट दूध वरचेवर काढावे लागते व औषध घ्यावे लागते. हे आम्हाला आशाताईंनी सांगितले.

नंतर मी कायदा वाचला आणि चकित झालो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात ‘स्त्री’ याचा अर्थ थेट किंवा मध्यस्थामार्फत कामावर घेतलेली स्त्री असा दिला होता. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेले असले की हक्क लागू. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्याही त्यात आहेत. पण बाळ देहूरोडला आणि आई वीस-बावीस किलोमीटरवर चाकणला, तर त्या सुटीत ती करणार काय? पाळणाघर नसेल तर ही सुटी कागदावरच राहते.

हा प्रश्न नवा नाही. मुंबई कायदेमंडळात 1928 साली मातृत्व लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्याच बाबासाहेबांच्या हस्ते 25 डिसेंबर 1954 रोजी आमच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही तेथे जातो. त्यांनी बाळंतिणीसाठी मागितलेली विश्रांती आमच्याच घरच्या बाळंतिणीला मिळू नये, याची मला खंत वाटते.

वाटी आणि चमचा

मग आम्ही घरापुरता मार्ग काढला. वहिनी पहाटे हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात हाताने दूध काढून ठेवू लागली. काढलेले दूध साध्या हवेत चार तासांपर्यंत टिकते, म्हणून झाकून ते शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये. ‘भाऊजी, उकळू नका हं, नुसते गरम पाण्यात ठेवा,’ असे ती रोज बजावून जाई. कॉलेजहून आल्यावर मी ते वाटी-चमच्याने पाजी. बाटली नको, ती नीट स्वच्छ होत नाही आणि तिची सवय लागलेले बाळ छातीला लागायला कुरकुरते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात घडली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तेथे 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. एका आईचे जास्तीचे दूध निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या कमी दिवसांच्या, अशक्त बाळाला देता येते, हे त्या पेढीने दाखवले. दूध आईचे असले तरी ते बाळापर्यंत पोचवायला अनेक हात लागतात, हा तिचा धडा.

आज एस.टी.च्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ दिसतात. नाव अत्यंत समर्पक आहे. आपल्या महाविद्यालयातही लग्न झालेल्या, तान्ही मुले घरी ठेवून येणाऱ्या भगिनी शिकत आहेत. जिन्याखालची मोडक्या बाकांची खोली रिकामी करून तेथे एक पडदा, दोन खुर्च्या व पाण्याची सोय केली, तर फार खर्च येणार नाही. प्राचार्यांनी व प्राध्यापकांनी याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. खोली साफ करायला आम्ही मुले येऊ.

हिरकणीने कडा उतरला म्हणून आपण तिचे गुणगान करतो, ते योग्यच आहे. परंतु ती त्या दिवशी बुरूज मागत नव्हती. तिला फक्त दरवाजा उघडून हवा होता.