‘मी मोठी झाले की मशीन निघेल ना?’

प्रश्न : माझी मुलगी सिनियर केजीत आहे. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. परवा तिनं विचारलं, ‘मी मोठी झाले की हे निघेल ना?’ मी घाईत ‘हो’ म्हणून गेले. नातेवाईक म्हणतात, केसांखाली झाकत जा. काय करावं? शाळेशी काय बोलावं?
— एक आई, सातारा

उत्तर : तिचा तर्क पक्का आहे हो. दुधाचे दात पडतात, फ्रॉक तोकडे होतात, मग मशीनही जाणारच! शिवाय मशीन लावून नोकरीला जाणारं माणूस तिनं पाहिलंय कुठं? (आजोबांचं मशीन हिशेबात धरू नका, ते म्हातारपणाच्या खात्यात जातं.) बहुतेक कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांना ऐकू येतं, त्यामुळे घरात तिच्यासारखं कुणीच नसतं.

तेव्हा आधी तो ‘हो’ मागे घ्या. ‘मशीन मोठेपणीही राहील, तुला त्यानं ऐकायला मदत होते,’ एवढं पुरे. मात्र चेहरा पाडून सांगू नका; ही मुलं चेहरा फार बारकाईनं वाचतात. मग कर्णबधिर मोठी माणसं तिला भेटू देत. २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिन असतो, त्या निमित्तानं कुठं कार्यक्रम असेल तर घेऊन जा. खुणा शिकल्या की मूल बोलायचं थांबतं, या समजुतीला आधार नाही.

झाकण्याचं म्हणाल तर साफ नको. लपवायला लावलेल्या वस्तूची लाज धरायची असते, हे पाच वर्षांच्या पोरीला न सांगता कळतं. कान वाढला की मशीनचा कानात बसणारा भाग, म्हणजे मोल्ड, सैल पडतो, मशीन शिट्टी मारायला लागतं आणि नवा मोल्ड करावा लागतो. तो रंगीतही मिळतो. रंग तिलाच निवडू दे, भडक निवडला तरी.

बाईंना भेटून सांगा : फळ्याकडे तोंड करून शिकवू नका, हिला घरघरणाऱ्या पंख्याखाली बसवू नका. मशीन बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याचाही आवाज वाढवतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्यताप्राप्त शाळांवर अशा सोयींची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा गयावया करायचं कारण नाही. गॅदरिंगमध्ये ‘बिचारी’ म्हणून वेगळं बक्षीस देऊ पाहतील, तेही नको म्हणा. वर्गातली मुलं ‘हे कानात काय?’ विचारतीलच. त्यांना गप्प करू नये. हिला सांगावंसं वाटलं तर हिनं सांगावं, नाहीतर बाईंनी एका वाक्यात सांगून पुढचं गाणं सुरू करावं.