वैराग्य की आजार?

आमच्या गावच्या सप्ताहात पहाटेच्या पहाऱ्याला वीणा घेऊन उभे राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. नाव तेवढे नको म्हणाले. बावीस वर्षांत त्यांचा पहारा कधी चुकला नव्हता. एके वर्षी मात्र ते आलेच नाहीत. घरी जाऊन पाहिले तो भिंतीकडे तोंड करून पडलेले. ताप नाही, खोकला नाही. विचारले तर 'जमत नाही' एवढेच बोलत.

गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, बुवांना वैराग्य आले. कोणी म्हणाले, कसले वैराग्य, आळस भरलाय अंगात. आणि आम्ही शहाण्यांनी काय केले? उशाशी बसून अर्धा तास त्यांना नामाचा महिमा ऐकवला, आणि उठता उठता म्हटले, "माउली, गळ्यात माळ असताना असं रडत बसायचं म्हणजे पांडुरंगावर भरवसा नाही असं होतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली. आपण माळेला लायक नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. जीव ठेवावा की नाही, हा विचार त्या आठवड्यात मनात सारखा घोळत होता, हे त्यांनी आम्हांस पुष्कळ दिवसांनी सांगितले. ते ऐकल्यापासून आम्हांस हा लेख लिहावयाचा होता.

त्यांना जे झाले होते त्याला डॉक्टर 'डिप्रेशन' म्हणतात, मराठीत नैराश्य म्हणतात. आपल्या मंडळींत या आजाराची ओळख पटायला एक खास अडचण आहे, ती शब्दांची. संतवाङ्मयात 'उदास' हा शब्द पुष्कळदा अलिप्त, अनासक्त अशा चांगल्या अर्थाने येतो. त्यामुळे घरातला माणूस उदास झाला, खाणेपिणे सुटले, बोलणे कमी झाले, की कोणाला तरी वाटते, बरे झाले, संसारातून मन निघाले! अहो, पण नीट पाहा. वैराग्य आलेल्याचे मन संसारातून निघते ते कोठे तरी लागते. त्याला कीर्तनाची गोडी वाढते, त्याच्याजवळ बसले तर आपल्यालाही हलके वाटते. या आजारात कशाचीच गोडी राहत नाही. संसार नको, तसे कीर्तनही नको. टाळाचा आवाज नकोसा होतो. नातवंड मांडीवर येऊन बसले तरी आत काही हलत नाही. विरक्ताला आपण देवाचे आहोत असे वाटते. या रोग्याला आपण कोणाचेच नाही, आपला सर्वांना भार आहे, असे वाटते. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि तरीही बाहेरून पाहणारा फसतो. आम्ही फसलो.

दुःख आणि हा आजार यांतही भेद आहे. घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, तर माणूस रडणारच. ते दुःख लाटेसारखे येते-जाते. मध्येच जुनी आठवण निघून तो हसतोही. नैराश्य मात्र ठाण मांडून बसते. डॉक्टरांचा ठोकताळा असा, की बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ, सलग २ आठवडे मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडली असेल, तर आजाराची शंका घ्यावी. पहाटे फार लवकर जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही, सकाळ सर्वांत जड आणि संध्याकाळी जरा बरे, ही पुष्कळांची तक्रार असते. आमच्या विणेकऱ्यांचा पहारा पहाटेचा. लोक म्हणत, नेमका पहाऱ्याच्या वेळीच कसा आळस येतो? तो आळस नव्हता, त्यांच्या दिवसातली ती सर्वांत वाईट वेळ होती.

खेड्यातला माणूस 'मन उदास आहे' असे सहसा म्हणतच नाही. तो म्हणतो, अंग दुखते, डोके जड आहे, छातीत धडधडते, अशक्तपणा आहे. मग सुई टोचून घेतो, सलाईन लावून घेतो, चार दवाखाने फिरतो. बाळंतपणानंतर सारखी रडणारी सून 'नखरे करते' म्हणून बोलणी खाते, आणि गप्प झालेल्या म्हाताऱ्याला 'वय झालं' म्हणून सोडून देतात. दोघांनाही हाच आजार असू शकतो. बायकांत तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. पुरुष तो दारूत बुडवू पाहतात, आणि दारूने तो वाढतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. तीत दिसले, की प्रौढ माणसांत २० पैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार होतो. आता आपल्या दिंडीतली माणसे मोजून पाहा.

का होतो, याचे एका शब्दात उत्तर नाही. काही घराण्यांतून येतो. मेंदूतल्या रासायनिक घडामोडींचा त्यात भाग आहे, तसाच कर्ज, एकटेपणा, लहानपणी सोसलेले हाल, दीर्घ दुखणे यांचाही आहे. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले किंवा रक्त कमी झाले तरी अशीच लक्षणे दिसतात, म्हणून चांगला डॉक्टर आधी रक्त तपासतो. श्रद्धा कमी पडली म्हणून मात्र हा आजार होत नाही. मधुमेह झालेल्याला आपण 'तुमची भक्ती कच्ची' असे म्हणतो का?

येथे कोणी विचारील, मग नामाचा काही उपयोग नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्याला नामाने धीर येतो त्याने ते अवश्य घ्यावे. पण आधाराची वस्तू आपण काठीसारखी पाठीत हाणली, तर दोष काठीचा नव्हे, हाणणाराचा. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. अंग गळाले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून निसटू लागले, मन भ्रमल्यासारखे झाले, असे अर्जुन एकेक सांगत जातो. आणि त्याचे बोलणे सुरू झाल्यापासून अध्याय संपेपर्यंत भगवंत मध्ये एक शब्द बोलत नाहीत. पुढच्या अध्यायात ते रागे भरतात हे खरे, परंतु सगळे ऐकून घेतल्यावर. आम्ही विणेकऱ्यांचे एक वाक्यही पुरे ऐकले नव्हते. (अर्जुनाला हा आजार होता असे आमचे म्हणणे नाही. त्याचा विषाद प्रसंगाचा होता. घ्यायचे ते ऐकून घेणे.)

ऐकण्याला किती बळ आहे, हे आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून पाहिले गेले आहे. तेथील 'संगाथ' संस्थेच्या कामात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रोगी घेतले. निम्म्यांना नेहमीची देखभाल दिली. उरलेल्यांना त्या देखभालीबरोबर, शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांशी ६ ते ८ बैठका. ही माणसे डॉक्टर नव्हती. ती ऐकत आणि रोग्याबरोबर बसून लहान लहान कामे ठरवीत. कारण या आजारात मन लागत नाही म्हणून माणूस काही करीत नाही, आणि काही करीत नाही म्हणून मन आणखी बुडते. हे चक्र करण्याच्या बाजूने हळूच उलटवायचे. आज अंगणापर्यंत, उद्या पारापर्यंत. ३ महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ बऱ्या अवस्थेत आले, बाकीच्यांपैकी शेकडा ३९. हा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतल्या 'विश्राम' नावाच्या कार्याचाही अहवाल आला. तेथे गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांत जेमतेम ४ जण उपचार घेत होते. पुढे ते २७ झाले.

औषधांविषयी दोन शब्द. आजार तीव्र असेल तर गोळ्या लागतात. त्यांचा गुण यायला सामान्यतः २ ते ४ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते, आणि नेमके तेव्हाच लोक गोळ्या फेकून देतात. बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू. दारूसारखे व्यसन त्यांचे लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. लोक दोन्ही एकच समजतात.

आता सर्वांत अवघड गोष्ट. माणूस 'आता जगून काय करायचं' असे बोलला, तर विषय बदलू नका. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे सरळ, मायेने विचारा. विचारल्याने ते मनात भरते ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, आणि शेतीची विषारी औषधे घरात कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. तो विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्यात हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आणि त्याला उपचार द्यायचे, असे ठरवले आहे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मनाच्या आजारांवर उपचार मिळतात.

विणेकऱ्यांना तेथे त्यांचा भाचा घेऊन गेला. आम्ही नव्हे. महिन्याभराने ते ओट्यावर येऊन बसू लागले. आम्ही जाऊन क्षमा मागितली, तर म्हणाले, "तुम्ही वाईट नव्हता बोलला हो, पण जरा गप बसला असता तर बरं झालं असतं." तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ गप्प बसत असू. पुढच्या सप्ताहात त्यांनी पहाटेचा पहारा मागितला नाही, संध्याकाळचा मागितला; एक तासाचा. दुसरा माणूस शेजारी उभा ठेवला होता, पण त्याची गरज लागली नाही. माळ मात्र अजून देवापुढेच होती. ती त्यांनी आषाढीला चंद्रभागेवर गळ्यात घातली. तोवर आम्ही तिच्याविषयी एकदाही विचारले नाही.