भगताचे दार आणि पहिली आज्ञा

वाचन : प्रेषितांची कृत्ये १९:११-२०, बेन सिरा ३८:१-१५



लेकराचा ताप उतरत नाही, सुनेला मूल होत नाही, गाय अचानक दगावते, की घरात कोणीतरी हळूच म्हणते, "कुणी करणी तर केली नसेल?" मग रविवारी मिस्सेला येणारी पावले अमावस्येला भगताच्या दाराकडे वळतात. एरंडोल परिसरात हे आपल्याला नवीन नाही. म्हणून या रविवारी आपण याच विषयावर चिंतन करू या.

इफिस शहरात जादूटोण्याच्या पुस्तकांची होळी झाली. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. मजुराची रोजची मजुरी तेव्हा असे एक नाणे होती. पुस्तके आणणारे कोण होते? प्रभूवर विश्वास ठेवलेलेच लोक! विश्वास ठेवूनही त्यांनी ती घरात जपली होती. त्यांनी ती विकली नाहीत, जाळली. कारण विकली असती तर ते बंधन दुसऱ्याच्या गळ्यात पडले असते.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २११५ ते २११७) सांगतो की भविष्य पाहणे, मृतात्म्यांना बोलावणे, जादूटोणा करणे हे पहिल्या आज्ञेविरुद्ध आहे. आजार बरा व्हावा म्हणून केले तरीही ते चूकच. ताईत बांधणेही निषिद्ध आहे.

यात शेजारप्रीतीचाही घात होतो. भगत बहुधा कोणाकडे तरी बोट दाखवतो : शेजारची विधवा, निपुत्रिक जाऊ. सातपुड्याच्या पाड्यांत 'डाकीण' ठरवून कितीतरी स्त्रियांना मारहाण झाली, गाव सोडावे लागले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार असा आरोप करणे गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद.

आणखी एक सावधगिरी. इफिसात स्केवाच्या मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरले आणि मार खाऊन पळाले. क्रूस, पवित्र पाणी, जपमाळ ही प्रार्थनेची साधने आहेत. श्रद्धेवाचून ती केवळ 'बाधा टळावी' म्हणून वापरली, तर आपणही त्यांचा ताईतच करतो.

मग संकटात काय करावे? बेन सिरा सांगतो : प्रार्थना कर आणि वैद्यालाही मान दे, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. म्हणून आधी दवाखाना गाठा. सर्पदंशात तर एक क्षणही दवडू नका. गंभीर आजारात धर्मगुरूंना बोलावून रुग्णाभ्यंग संस्कार घ्या. भगताकडे जाणे झाले असेल तर लाज न बाळगता पापनिवेदन करा. प्रभू क्षमाशील आहे.

चिंतनासाठी :
१. आपल्या घरात 'इफिसची पुस्तके' कोणती आहेत?
२. भगताच्या शब्दावरून आपण कोणाशी बोलणे सोडले आहे का? या आठवड्यात त्या घरी जाऊन समेट करू या.

प्रभू येशूची शांती तुम्हा सर्वांबरोबर असो.